कामाच्या गोष्टी : जेद्दाचा समकरी



गाडीला अपघात झाला की पहिला प्रश्न, कुणाला लागलं तर नाही ना? त्याचं उत्तर "नाही, देवाची कृपा" असं आलं की लगेच दुसरा प्रश्न दारात उभा राहतो : आता गाडी कुठल्या गॅरेजात घालायची? इथे मात्र जो तो आपलं शहाणपण सांगू लागतो. कुणी म्हणतो कंपनीतच टाक, डोक्याला ताप नको. कुणी म्हणतो माझ्या ओळखीचा एक पखाख आहे, निम्म्या पैशांत नवी करून देईल. गाडीचा मालक बिचारा दोन्हीकडे माना डोलावतो आणि शेवटी घराजवळ जो असेल त्याच्याकडे जातो.

या वेळी आम्ही ह्याच प्रश्नावर लिहिणार आहोत, आणि उदाहरण घेणार आहोत जेद्दाचं. तुम्ही म्हणाल, इस्राएलात राहून जेद्दातल्या गॅरेजांची पंचाईत कशाला? सांगतो.

आपल्यातली जी जुनी मंडळी अलिबाग, रेवदंडा, मुरूड, म्हसळे या बाजूची आहेत त्यांना ठाऊक आहे की त्या पट्ट्यातल्या मुसलमान शेजाऱ्यांच्या घरचा एखादा तरी माणूस "जेद्दाला" असायचा. आमच्या लहानपणी जेद्दा म्हणजे हाजची बोट. मुंबईच्या बंदरातून ती सुटायची, आणि सोडायला अर्धं गाव जायचं. ही बोट १९९५ सालापर्यंत चालू होती. त्यानंतर सगळा कारभार विमानाचा झाला. दरम्यान सत्तरच्या दशकात तेलाचा भाव वाढला तसं जेद्दाचं नाव नोकरीशी जोडलं गेलं. ड्रायव्हर, सुतार, विजेचं काम करणारे, पत्रा ठोकणारे, हिशेब लिहिणारे, सगळे तिकडे गेले. आपण इकडे आलो, ते तिकडे गेले. सुट्टीत गावी मात्र कधीमधी गाठ पडते.

असेच एक चाचा आमच्या ओळखीचे आहेत, मुरूडजवळच्या गावचे. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. जेद्दात पंचवीसेक वर्षं त्यांनी मोटारींचे पत्रे सरळ केले. २०१३ साली ते कायमचे परत आले. त्या वर्षी तिकडच्या सरकारने परदेशी कामगारांना कागदपत्रं दुरुस्त करायला मुदत दिली होती. एकाच्या नावावर यायचं आणि दुसऱ्याकडे काम करायचं, ही जुनी चाल बंद करायची होती. नोव्हेंबरात मुदत संपली आणि तपासण्या सुरू झाल्या. चाचांचे कागद ठीक होते, पण आजूबाजूची गॅरेजं रिकामी झाली आणि त्यांचंही मन उडालं. त्यांचा मुलगा मात्र तिथेच राहिला. एका दुकानात हिशेबाचं काम करतो, बायको आणि दोन लहान मुली बरोबर आहेत. गेल्या वर्षी त्याच्या गाडीला मागून ठोकर बसली. पुढचं सगळं चाचांनी मुरूडला ओट्यावर बसून फोनवरून चालवलं, आणि आम्ही त्या सुट्टीत तिथे होतो म्हणून ऐकलं.

मुलांनो, आधी थोडे शब्द शिकून घ्या, मजा येईल. ज्याला आपले आजोबा डेंटर म्हणायचे आणि इथे पखाख म्हणतात, त्याला जेद्दात म्हणतात समकरी. गॅरेजला वरशा. गॅरेजांची जी वस्ती शहराच्या कडेला असते ती सनाइया. गाडीच्या पुढच्या दिव्याला शमआ, म्हणजे मेणबत्ती. आपल्या हिंदी गाण्यांतली शमा ती हीच. चाकावरच्या मडगार्डाला रफरफ. आणि बंपरला काय म्हणत असतील? सद्दाम! टक्कर देणारा तो सद्दाम. चाचा सांगतात, पहिल्या दिवशी मालक ओरडला, "सद्दामला खाली उतरव," तेव्हा ते घाबरून दाराकडेच बघायला लागले.

आता कामाचं बोलू. सौदीत एक नियम जुना आहे आणि आम्हांला तो फार शहाणपणाचा वाटतो. अपघातात मार लागलेली गाडी कुठल्याही गॅरेजने कागदाशिवाय दुरुस्त करायची नाही. हा कागद म्हणजे दुरुस्तीचा परवाना. तो नसताना फुटलेला दिवा बदलून दिला तरी गॅरेजवाला अडचणीत येतो. कारण उघड आहे. कुणाला उडवून पळालेला माणूस पहिल्यांदा कुठे जाईल? डेंटरकडेच. म्हणून तिथे डेंटरच्या दारातच पहारा बसवलेला आहे. चाचांच्या काळात हा कागद पोलिसांकडून हातात मिळायचा, तो मळून फाटेपर्यंत सांभाळायचा. आता तो सरकारी व्यवस्थेतून मोबाईलवर मिळतो. पण नियम तोच.

नुकसानीचा आकडा ठरवायची जुनी रीतही ऐकण्यासारखी आहे. तीन वेगवेगळ्या गॅरेजांत गाडी घेऊन फिरायचं आणि तिघांकडून अंदाज लिहून आणायचा. मोठं नुकसान असेल तर मोटारींच्या बाजारातला जो शेख, म्हणजे बाजाराने आणि सरकारने मानलेला म्होरक्या, त्याचा शब्द घ्यायचा. उन्हात, मोडकी गाडी रेटत, तीन दारं! चाचा म्हणाले, "माझ्याकडं लोक अंदाज लिहून घ्यायला यायचे आनि काम दुसरीकडं करायचे. मी कधी पैसे नाय घेतले. कागदावर आकडा लिवायचे कसले पैसे?" सगळेच समकरी असे नव्हते. काही जण गिऱ्हाईक म्हणेल तो आकडा लिहून देत.

२००२ पासून तिथे मोटारीचा विमा सक्तीचा झाला, म्हणजे निदान समोरच्याचं नुकसान भरून देण्यापुरता. २००७ साली नज्म नावाची कंपनी निघाली. कुणाला इजा झालेली नसेल आणि निदान एका गाडीचा विमा असेल, तर पोलिसांऐवजी नज्मचा माणूस येतो, फोटो काढतो, दोघांचं ऐकून घेतो आणि चूक कुणाची किती हे ठरवतो. किरकोळ ठोकर असेल तर मोबाईलवर फोटो पाठवूनही भागतं. चूक टक्क्यांत मोजतात : शून्य, २५, ५०, ७५ किंवा १००. मुलांनो, शाळेत मारामारी झाली की "दोघांचीही चूक" म्हणून बाई दोघांना उभं करतात ना? इथे त्याचा नीट हिशेब होतो. कुणाला लागलं असेल तर मात्र प्रकरण वाहतूक पोलिसांचं. जेद्दा मक्का प्रांतात येतं, तिथे मदतीसाठी ९११ फिरवायचा.

आकडा ठरवण्यासाठी आता तकदीर नावाची केंद्रं आहेत. मराठीत तकदीर म्हणजे नशीब, अरबीत त्याचा एक अर्थ अंदाज, मोजमाप. तिथे गाडी नेली की प्रशिक्षित माणूस पाहणी करून नुकसान लिहितो. इथे आपल्याकडे शमाय करतो तेच काम. तीन दारांची पायपीट वाचली. पण गॅरेज निवडायचं काम वाचलेलं नाही. उलट, पैसे हातात आणि निवड आपली, म्हणून मोह वाढला आहे. समोरच्याची चूक ठरली की त्याची विमा कंपनी ठरलेली रक्कम तुमच्या खात्यात टाकते. पुढे गाडी कुठे न्यायची ते तुम्ही बघा.

मुलाच्या बाबतीत असंच झालं. मदिना रोडच्या बाजूच्या रस्त्यावर सिग्नलला तो थांबला होता, मागून एक मोठी गाडी येऊन आदळली. मुली मागच्या सीटवर होत्या, पट्टे बांधलेले होते, रडण्यापलीकडे काही झालं नाही. चूक शंभर टक्के मागच्याची. नज्मचा कागद आला, तकदीरचा आकडा आला, पैसेही यायचे ठरले. गाडी होती सात-आठ वर्षांची कोरोला. बंपर लोंबत होता, डिकीचं झाकण बंद होत नव्हतं, डाव्या बाजूचा दिवा फुटला होता. एवढंच दिसत होतं.

पुढे तीन वाटा होत्या. पहिली वकाला, म्हणजे कंपनीचं अधिकृत गॅरेज. तिथे विचारलं तर खर्च आलेल्या रकमेच्या कितीतरी वर जात होता. ज्यांचा स्वतःच्या गाडीचा पूर्ण विमा असतो त्यांना तिथे पॉलिसी घेतानाच विचारतात, दुरुस्ती वकालात हवी की वरशात. वकाला लिहून घेतलं तर हप्ता जास्त, आणि सहसा नव्या गाडीलाच ती सोय देतात. म्हणजे गॅरेजची अर्धी निवड अपघाताच्या कितीतरी आधी, सही करतानाच होऊन जाते, आणि आपण मात्र ते पान न वाचता उलटतो. इथे आपल्या पॉलिसीतही मोसाख हेस्देरचं कलम असतं. विमा कंपनीशी करार केलेल्या गॅरेजात गेलात तर पदरचे पैसे कमी, बाहेर गेलात तर जास्त. वाचकहो, ही ओळ वाचून झाली की उठा आणि आपली पॉलिसी काढून बघा. आम्ही थांबतो.

दुसरी वाट सनाइयातलं एक गॅरेज. मुलाच्या दुकानातल्या कुणाचं तरी ओळखीचं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, डिकीवर हात आपटला आणि म्हणाला दोन दिवसांत देतो. आकडा इतका कमी की तकदीरच्या पैशांतून चांगली रक्कम हातात उरत होती. वर म्हणाला, फातूरा नको असेल तर आणखी कमी. फातूरा म्हणजे बिल. सौदीत २०१८ पासून मूल्यवर्धित कर आहे, आधी तो ५ टक्के होता, जुलै २०२० पासून १५ टक्के झाला. समजा काम चार हजार रियालचं असेल तर सहाशे रियाल कराचे. कुणालाही वाटेल, वाचवावेत. इथे आपल्याकडे तर जानेवारी २०२५ पासून १८ टक्के आहे, आणि "बिल नको ना?" हा प्रश्न कुणी कधी ऐकलाच नाही असं आम्ही म्हणणार नाही.

मुलाला ते पैसे हवे होते. गावी आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, दुसऱ्या डोळ्याचं. उरलेली रक्कम त्याला बरोबर पुरली असती. हे त्याने बापाला फोनवर सांगितलं तेव्हा ती माउली शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबले. चाचा काही वेळ बोललेच नाहीत. मग त्यांनी विचारलं, "डिकीतला गालिचा उचलून बघितलास?"

मुलाने बघितला नव्हता. गॅरेजवाल्यानेही बघितला नव्हता.

तिसरी वाट चाचांच्या जुन्या सोबत्याची. तोही समकरी, केरळचा, अजून तिथेच आहे. त्याच्या मालकाकडे गाडी ओढून सरळ करायची चौकट आहे. मुलगा गाडी घेऊन गेला. त्या माणसाने किमतीचा शब्द काढला नाही. डिकी रिकामी केली, गालिचा काढला, स्टेपनी बाहेर घेतली आणि मोबाईलचा दिवा आत धरला. स्टेपनीच्या खळग्याला सुरकुत्या पडल्या होत्या. गाडी वर उचलल्यावर दिसलं की डाव्या बाजूची खालची चासी चुण्या पडून आत गेली आहे, आणि जमिनीचा पत्रा जिथे जोडलेला असतो तिथला एक जोड उघडला आहे. बोटाचं टोक जाईल एवढी फट.

मुलांनो, इथे जरा थांबून समजून घ्या. ट्रकला किंवा मोठ्या जीपला खाली एक वेगळी लोखंडी चौकट असते आणि वर शरीर बसवलेलं असतं. कोरोलासारख्या घरगुती गाडीत तसं नसतं. तिचं सगळं शरीर हीच चौकट, पत्र्याच्या पेटीसारखी. पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम असा केलेला असतो की ठोकर बसली तर तो चुरगळावा, आणि मार खाऊन मधली खोली, जिथे आपण बसतो, ती वाचवावी. एकदा चुरगळला की त्याचं काम झालं. तो नीट ओढून मापात आणला नाही, किंवा कापून नवा बसवला नाही, तर पुढच्या ठोकरेला तो पहिल्यासारखं काम करीत नाही. नुसती हातोडी मारून, वर लांबी भरून गुळगुळीत केला तर डोळ्यांना दिसायला नवा, आतून मात्र सुरकुतलेलाच. आणि ती बोटाएवढी फट? गाडीचा धूर मागून निघतो. डिकीच्या जमिनीला फट राहिली की धूर आत शिरू शकतो, आणि काचा बंद करून एसी लावलेल्या गाडीत मागच्या सीटवर बसलेल्यांना त्याचा पहिला त्रास. जेद्दात काचा वर्षातले बहुतेक दिवस बंदच असतात.

चाचांचं म्हणणं असं : "रंग काय, रंग सगल्यांनाच लावता येतो. उघडून बघनारा मानूस पायजे." गॅरेजची पारख त्यांनी आयुष्यभर यावरच केली. जो गाडीभोवती फिरून आकडा सांगतो तो रंगाचा आकडा सांगतो. जो आधी उघडतो, फोटो काढतो, लिहून देतो आणि मग पैशांचं बोलतो, त्याच्याकडे थांबावं. आम्हांला हे इतकं पटलं की आता आम्ही नळ दुरुस्त करायला येणाऱ्यालाही याच मापाने मोजतो.

तकदीरच्या पहिल्या पाहणीत चासीचं नुकसान आलंच नव्हतं, कारण गाडी उघडलेली नव्हती. त्या केरळी समकऱ्याने इथे एक शहाणपणाची गोष्ट केली. काम सुरू केलं नाही. गाडी तशीच उघडी ठेवली, फोटो दिले आणि सांगितलं, आधी हरकत घे, आकडा परत बघू दे. हरकत घ्यायला मुदत असते, ती पहिल्याच दिवशी विचारून ठेवावी. आणि एकदा का पत्रा सरळ केला, की आत काय होतं ते कुणाला दाखवणार? घाईने दुरुस्त केलेल्या गाडीचा पुरावा दुरुस्तीतच पुसला जातो. मुलाने हरकत घेतली. आठ-दहा दिवस गाडी उभी राहिली, तो दुसऱ्याच्या गाडीतून कामाला गेला, मुलींना शाळेत सोडायला शेजारीण जाऊ लागली. ही शेजारीण स्वतः गाडी चालवते. २४ जून २०१८ च्या आधी तिथे बायकांना गाडी चालवायची परवानगी नव्हती, तेव्हा अशा वेळी टॅक्सीवाचून गत नसायची. शेवटी वाढीव रक्कम मिळाली, पूर्ण नाही, पण बरीचशी.

मग सुट्या भागांचा घोळ. तिथे तीन शब्द चालतात. अस्ली म्हणजे कंपनीचा. तिजारी म्हणजे बाजारात दुसऱ्यांनी बनवलेला. आणि तश्लीह म्हणजे मोडीत काढलेल्या गाडीतून सोडवलेला, जुना. मुंबईत ज्यांनी चोरबाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगार बाजारात फियाटचे पार्ट शोधले आहेत त्यांना तश्लीह समजावून सांगायला नको. इथे पिरुकीम म्हणतात तोच प्रकार. चाचा तश्लीहला नाक मुरडत नाहीत. डिकीचं झाकण, दार, आरसा जुन्या गाडीचा चांगला मिळाला तर तिजारीपेक्षा नीट बसतो, कारण तो मुळात कंपनीचाच असतो. पण सीटचा पट्टा आणि एअरबॅग? जुनी कधीच घ्यायची नाही. ती कुठल्या अपघातातून आली, पाण्यात होती की काय, कोण सांगणार?

पाण्यात म्हटलं ते उगाच नाही. २५ नोव्हेंबर २००९ ला जेद्दात असा पाऊस झाला की शंभरावर माणसं दगावली आणि हजारो मोटारी वाहून एकमेकांवर रचल्या गेल्या. वाळवंटातलं शहर, पण मागच्या डोंगरांतून कोरडे ओढे उतरतात, आणि पाऊस पडला की ते रस्त्यांवरूनच समुद्राकडे धावतात. २४ नोव्हेंबर २०२२ ला परत तेच झालं. बुडालेल्या गाडीचं बाहेरून काही बिघडलेलं दिसत नाही. चाचांनी अशा गाड्यांची दारं उघडली आहेत, आत गाळ आणि वायरींच्या जोडांवर हिरवं कीट. समोरच्यापुरता विमा असलेल्यांना विमा कंपनीकडून दमडी मिळाली नाही, कारण पावसाने काही समोरून येऊन ठोकलं नव्हतं. त्या गाड्या आणि त्यांचे भाग कुठेतरी गेलेच. म्हणून बिलावर प्रत्येक भागापुढे अस्ली, तिजारी की तश्लीह हे लिहून घ्यायचं. तोंडी सांगितलेलं अस्ली दोन पावसाळ्यांत तश्लीह होतं.

बिलाचं आणखी एक. चाचा होते त्या भागात ओळखीवर सगळं चालायचं. "काही झालं तर घेऊन ये, करून देईन," हीच गॅरंटी. २०२१ आणि २०२२ मध्ये जेद्दातल्या जुन्या, दाट वस्त्या पाडायची मोठी मोहीम निघाली. गुलैल, पेट्रोमिन, करंटिना या चाचांच्या ओळखीच्या वस्त्या त्यात गेल्या. मुलाने त्यांना मोबाईलवर चित्रं पाठवली तेव्हा त्यांना आपण राहत होतो ती गल्ली ओळखता येईना. घरं गेली, माणसं कुठे कुठे पांगली, आणि त्यांच्याबरोबर तोंडी गॅरंट्याही. कागदावर गॅरेजचा परवाना, कर क्रमांक, काम आणि तारीख असेल तर निदान कुणाला तरी विचारता येतं. डिसेंबर २०२१ पासून तिथे बिल संगणकावरच निघालं पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे "हाताने लिहून देतो" हे उत्तर आता चालत नाही. मुलाने पंधरा टक्के भरले.

रंगाबद्दल थोडक्यात, कारण चाचा रंगाला फार मानत नाहीत. जेद्दाची हवा खारी आणि दमट, तांबडा समुद्र दाराशी. उघडा पत्रा दोन रात्री बाहेर राहिला तर त्यावर गंजाची लाली चढते, म्हणून ठोकून झाला की लगेच अस्तराचा हात द्यायला हवा. वर वाळूची धूळ. रस्त्याच्या कडेला उघड्यावर फवारलेला रंग म्हणजे घासकागदच. बंद खोली, गाळलेली हवा आणि गरम करून सुकवायची सोय असेल तिथेच रंग करावा. पांढरा रंग सोपा असं लोक समजतात, पण मोत्यासारखी झाक असलेला पांढरा जुळवणं सगळ्यांत कठीण. ही खोली दाखवा म्हटल्यावर जो गॅरेजवाला "मालक नाहीत, चावी नाही" म्हणतो, त्याच्याकडे ती खोलीच नसण्याची शक्यता जास्त.

गाडी ताब्यात घ्यायची ती दिवसाउजेडी. संध्याकाळी, गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली, सगळ्याच गाड्या सुंदर दिसतात. डिकीच्या झाकणाची फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, ते बोट फिरवून बघायचं. शंका आली तर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्याला लावून बघावं, खाली लांबीचा जाड थर असेल तर ते धरत नाही. अर्थात बंपर प्लॅस्टिकचा असतो, तिथे चुंबक लावून गॅरेजवाल्याशी भांडू नका. काही गाड्यांचे भाग ॲल्युमिनियमचे असतात, तिथेही नाही. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा पेटला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटतच राहिला तर बिघाड. मुळात पेटलाच नाही तर त्याहून वाईट, कुणीतरी तो दिवाच मुका केलेला असू शकतो. ही तपासणी नातवंडांना सांगा, त्यांचे डोळे आपल्यापेक्षा चांगले. पावसाळा असो नसो, डिकीवर नळीने पाणी सोडायचं आणि आतला गालिचा उचलून हात लावून बघायचा. पाणी आत आलं तर धूरही येईल.

हे सगळं मुलाने केलं, चाचा फोनवर होते. गालिचा कोरडा निघाला. आईच्या ऑपरेशनचे पैसे त्याने दुकानातून आगाऊ उचलले, दर महिन्याला पगारातून कापले जातात. ऑपरेशन अलिबागला झालं, आता ती सुईत दोरा स्वतः ओवते. गाडी पुढे वार्षिक फहसला, म्हणजे आपल्या टेस्टला, गेली आणि पास झाली.

त्या दिवशी गॅरेजातून निघताना चाचांनी मुलाला एक काम सांगितलं. फोन डिकीजवळ धर आणि झाकण लाव, म्हणाले, जोरात नको, सवयीने लावतोस तसं. त्याने लावलं. चाचांनी फोन कानाला घट्ट दाबून धरला होता. "परत," म्हणाले. मुलाने परत लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी फोन आमच्या हातात दिला, ऐका म्हणाले. आम्हांला नुसतं धप्प असं ऐकू आलं. चाचा म्हणाले, डावीकडचं रबर अजून थोडं उचललेलं आहे, त्याला सांग बसवून दे. केरळवाल्याने बघितलं, आणि रबर खरंच उचललेलं होतं.